रिकाम्या ड्रमचा भरवसा

लोणखेड्याच्या लोटन मिस्तरीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, एसटीच्या ड्रायव्हरवर नव्हता, सख्ख्या भावाच्या लग्नातल्या मांडवाच्या गाठींवरही नव्हता. त्या त्यानं पंगतीला बसण्याआधी एकेक ओढून पाहिल्या होत्या. ताक फुंकून पिणारी माणसं जगात पुष्कळ असतात. लोटन ताक फुंकायचा, वाटी खाली ठेवायचा आणि शेजारचा पिऊन धडधाकट राहिला तरच ओठाला लावायचा. त्याची बायको रंजनाबाई सांगायची की हा माणूस देवळात गेला तरी तीर्थ कुठल्या विहिरीचं ते विचारून मगच हात पुढं करतो. यात तिनं थोडं तिखटमीठ लावलं असेल, पण फार नाही.

कुणी म्हणेल, असतो एकेकाचा स्वभाव. तर तसं नाही. लोटनचा संशय कमावलेला होता आणि त्याची किंमत दुसऱ्याच एका माणसानं भरली होती.

तिशीच्या आत असताना लोटन तिकडे गुजरातेत एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्यासोबत धडगावकडचा बाज्या नावाचा गडी. एका दुपारी बाज्याच्या हातून टोलीनचा डबा कलंडला. टोलीन म्हणजे टोल्युइन, रंग पातळ करायचं औषध. चार-पाच लिटर सांडलं असेल. बाज्यानं फडक्यानं पुसून काढलं, दोघं त्यावर हसले आणि कामाला लागले. शेगडी जवळपास कुठंच नव्हती. ती होती दाराबाहेर, उतारावर, चांगली तीस पावलं लांब, चहावाल्याची. पण या औषधांची वाफ मोठी लबाड असते. डोळ्याला दिसत नाही, हवेपेक्षा जड असते आणि सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीला धरून उतार शोधत जाते. ती गुपचूप दाराबाहेर गेली, शेगडीला भेटली आणि आग घेऊन आली त्याच वाटेनं परत. लोटन शिडीवर होता, तो पाय भाजण्यावर सुटला. बाज्या जमिनीवर उकिडवा बसला होता. तो तिसऱ्या दिवशी गेला.

त्यानंतर लोटन गावी परतला, तो पुन्हा कारखान्यात म्हणून गेला नाही. शहाद्याचे भीकमचंदशेठ लोणखेड्याच्या रस्त्यावर जुन्या ड्रमांचं आवार चालवायचे. सुरतेकडून, नवापूरकडून कारखान्यांचे रिकामे ड्रम यायचे. ते धुऊन, कापून त्यांच्या कोठ्या, डोण्या, गव्हाणी करून खेड्यापाड्यांत जायच्या. शेठजींनी लोटनला ठेवून घेतलं, ते त्याच्या संशयी स्वभावाची कीर्ती ऐकूनच. म्हणाले, या धंद्याला भोळा माणूस कामाचा नाही.

खरंच नव्हता. लोकांना वाटतं, भरलेला ड्रम धोक्याचा आणि रिकामा म्हणजे पत्र्याचा डबा. गोष्ट नेमकी उलटी आहे. भरल्या ड्रममध्ये वाफेला जागाच नसते. रिकाम्यात तळाला चमचाभर थिनर राहिलेलं असलं की त्याची वाफ सगळा ड्रम भरून टाकते. आत वाफ तयार, हवा तयार, बाहेरून फक्त ठिणगी यायची बाकी. अशा ड्रमला कोणी गॅस कटर लावला तर ड्रमचं झाकण एका शेतात आणि माणूस दुसऱ्या शेतात. डिझेलचं तसं नाही, डिझेल आळशी असतं, थंड डिझेलमध्ये जळती काडी पडली तरी बहुधा काडीच विझते. असिटोनला मात्र पौषातली थंडीसुद्धा आडवी येत नाही. आणि मेथेनॉल तर असं, की भर उन्हात पेटलेलं दिसतही नाही, हात घातल्यावर कळतं.

हे सगळं लोटन ओळखायचा नाकानं. ड्रम आला की बूच उघडायचं, गुडघ्यावर बसायचं, एक हुंगा घ्यायचा आणि नाव सांगायचं. असिटोन, टोलीन, मेथेनॉल, खायचं तेल, वंगण. मग खडूनं खूण. बरोबरची खूण केली की ड्रम तसाच कापायला मोकळा. फुली मारली की ड्रम आधी पाण्यानं गळ्यापर्यंत भरायचा, म्हणजे वाफेला जागा उरत नाही, मग वरचं झाकण कापायचं आणि पाणी ओतून, धुऊन मग बाकीचं काम. वीस वर्षं या खुणा एकदाही चुकल्या नाहीत. नाकाचा डंका असा की बाया साजूक तूप विकत घेण्याआधी वाटी घेऊन लोटनच्या ओट्यावर यायच्या. तोही मग नाकपुड्या अशा काही फुलवायचा की बाईला वाटावं, तुपातली म्हैस कुठल्या गावची तेसुद्धा हा आता सांगणार.

लोटनची मुलगी रोशनी गावातच दिली होती. जावई गोपाल ट्रॉल्यांचं वेल्डिंग करायचा, हात चांगला होता. आवारातला जुना कटरवाला काम सोडून गेला तेव्हा लोटननंच गोपालला तिथं आणलं. रोशनी आठ दिवस बापाशी धड बोलली नाही. बाज्याची गोष्ट ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. शेवटी लोटन तिच्या घरी जाऊन बसला आणि म्हणाला, "पोरी, मन्हा खडू पह्यले, मंग त्याना कटर. तुले कसानी चिंता?"

एवढ्या शब्दावर रोशनी गप्प झाली. लोटननंही तो शब्द पाळला. सकाळी तो खुणा करायचा आणि बाराच्या ठोक्याला घरी जेवायला निघून जायचा, कारण कटरची ज्योत त्याला बघवत नसे. गोपाल त्यानंतर कटर पेटवायचा. रोजचा असा शिरस्ता पडला होता.

मग करोनाची दुसरी लाट आली. लोटन अठरा दिवस तापानं फणफणला. ताप गेला, खोकला गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. शहाद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल हळूहळू. लोटन वाट बघत राहिला. आवारात पहिल्या दिवशी त्यानं थिनरच्या ड्रमवर नाक टेकवलं तर जणू रिकाम्या तांब्यात तोंड घातलं. तीस वर्षं नको ते हुंगून नाकाचा जीव आधीच अर्धा झाला होता आणि तापानं उरलेला नेला, असं त्याला आतून वाटायचं. पण डॉक्टरांना ते विचारायची छाती झाली नाही.

आणि त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. रंजनाबाईलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाक गेलं म्हटल्यावर लोटन मिस्तरीत उरलं काय? ड्रम लोटायला जान्या होता, कापायला गोपाल होता.

चार वर्षं त्यानं ती मूठ झाकून ठेवली. हुंगायचं सोंग तो पूर्वीसारखंच करायचा, पण ओळखायचा दुसऱ्याच गोष्टींवरून. लेबल वाचायचा. ड्रम तिरपा करून तळातला थेंब तळहातावर घ्यायचा. गार लागून उडून गेला तर थिनरच्या जातीचा, चिकट राहिला तर तेल. जरा शंका आली की फुली. पूर्वी शंभरात तीस फुल्या असायच्या, आता सत्तर झाल्या. घरीसुद्धा तो गॅसच्या नळीला दिवसातून दोनदा साबणाचा फेस लावून बघायचा. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. जन्मभर संशयी म्हणून नाव काढलेल्या माणसाचा हा एक मोठा फायदा.

कुणालाच म्हणजे, एक माणूस सोडून. ताप आला त्याच वर्षीच्या दिवाळीत लोटन रोशनीच्या घरी ओसरीत, शेगडीपासून दोन हातांवर बसला होता. रोशनी शेजारी फराळ द्यायला गेलेली. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं करपून काळं झालं. लोटन पाठमोरा बसून सुपारी कातरत राहिला. गोपाल अंगणातून धावत आला, गॅस बंद केला, पातेलं उचललं आणि सासऱ्याकडे एकदा पाहिलं. मग पातेलं घासायला न्हाणीत नेलं. पण लोटननं ते पाहणं पाहिलं आणि त्या दिवसापासून जावई त्याच्या डोळ्यात सलायला लागला. याला कळलं आहे. आता हा कुठं बोलणार, कधी बोलणार, कुणाजवळ बोलणार?

संशयाला एकदा घर मिळालं की तो खोल्या वाढवत जातो. गोपाल रिषभशी, म्हणजे भीकमचंदांच्या नातवाशी, मोबाइलवर काही बघत हसला की लोटनला वाटायचं, विषय आपलाच. भीकमचंद वारल्यापासून आवार रिषभच बघत होता. पोरगा वाईट नव्हता, पण घाईचा होता. फुल्या एवढ्या का वाढल्या, असं तो दोनदा विचारून गेला होता. हे त्याच्या डोक्यात कुणी घातलं? लोटनचं उत्तर ठरलेलं होतं.

त्यात भर पडली चिखलाची. दुपारी जेवून परत आल्यावर लोटनला ज्या ड्रमांवर आपण बरोबरची खूण केली, नेमकी त्यांच्याच खाली ओल दिसायची. फुलीच्या ड्रमखाली पाणी असणारच, पण ज्यांना पाणी लागत नाही त्यांच्याखाली कशाला? एकदा दिसलं, दोनदा दिसलं, मग रोज दिसायला लागलं. जान्याला विचारलं तर तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, काही नाही, नळी गळते. नळी बघितली तर कोरडी ठणठणीत. लोटननं मनाशी हिशेब जुळवला. हे दोघं मिळून तेलाचे चांगले ड्रम धुतात आणि मागच्या दारानं डोंगरातल्या गावांना पाण्यासाठी विकतात. कुंपणच शेत खातं, आणि हे कुंपण तर आपणच हौसेनं लावलेलं. त्याला राग आला, लाज वाटली, पण तोही मूग गिळून बसला. त्यानं गोपालचं काढलं तर गोपाल त्याचं काढणार होता.

असं चार वर्षं सासरा-जावई एकमेकांना पाण्यात पाहत एका आवारात काम करत राहिले. निदान लोटनला तरी तसं वाटत होतं.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सारंगखेड्याची यात्रा तोंडावर आली होती. घोडेबाजारात घोड्यांच्या दाणापाण्यासाठी डोण्या लागतात आणि त्या उभ्या कापलेल्या ड्रमच्याच सोयीच्या पडतात. रिषभनं साठ डोण्यांचं काम घेतलं होतं. त्यासाठी तीस ड्रमांची खेप नवापूरकडून आली, ती बघूनच लोटनच्या कपाळाला आठी पडली. सगळे ड्रम निळ्या रंगानं नवेकोरे रंगवलेले होते. लेबलं खरवडून काढलेली. ड्रायव्हर म्हणाला, खायच्या तेलाचे आहेत, चांगले दिसावेत म्हणून मालकानं रंगवले. आता, कापायला जाणाऱ्या ड्रमला रंग लावणारा मालक लोटननं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बोकडाला कापण्याआधी कुणी अंघोळ घालून काजळ लावत नाही.

बरं, वास घ्यावा तर साऱ्या आवारात ओल्या ऑइलपेंटचा भपकारा सुटलेला, असं जान्या म्हणत होता. लोटनला तोही येत नव्हता.

त्या दिवशी सकाळीच विजेची डीपी जळाली होती. बोअर बंद, टाकीत खडखडाट. पाणी भरून कापायचं म्हटलं तर काम संध्याकाळपर्यंत उरकणं शक्य नव्हतं, आणि गाडी संध्याकाळी भरायची होती. रिषभ कातावून आला. सगळ्यांच्या देखत, पण आवाज न चढवता म्हणाला, "लोटनकाका, वास घ्या आणि काय ते सांगा. तेल असेल तर बरोबर करा. नाकाला झेपत नसेल तर तसं सांगा, उद्यापासून गोपालला बसवू."

लोटननं गोपालकडे पाहिलं. गोपालनं मान खाली घातली. लोटनला वाटलं, हीच ती वेळ, चार वर्षं शिजत होतं ते आज वाढलं. जावयानं पाट मांडून ठेवला आहे, फक्त आपण उठायचं बाकी आहे.

तो पहिल्या ड्रमजवळ गुडघ्यावर बसला. बूच उघडताना त्याला दिसलं की तोंडाच्या कडेला निळा रंग सुरकुतला आहे, दुधावरच्या सायीसारखा. ते का, असं क्षणभर मनात आलं. पण पाठीवर चार जणांचे डोळे होते. त्यानं ड्रम तिरपा केला, तळातून एक थेंब निघाला नाही. कोरडा. त्यानं नाक टेकवलं, श्वास ओढला आणि नेहमीसारखी नाकपुडी फुलवली. आत काहीच नव्हतं. गेली चार वर्षं काहीच नव्हतं.

"तेल शे," तो म्हणाला.

आणि त्यानं बरोबरची खूण केली. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. दहाव्यापासून तर तो नीट वाकलाही नाही. तीस ड्रम, तीस खुणा. आपल्या रिवाजाप्रमाणे खेपेतलं एक बूच त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकलं, कारण पुढं भांडण निघालं तर पुरावा हाताशी असावा. मग पायात चपला सरकवून तो घरी निघाला. बारा वाजत आले होते.

घरी रंजनाबाईनं ताट वाढलं. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत. ताट ठेवायला वाकली आणि नाक मुरडून तिथंच थांबली.

"तुमना सदराले नखपॉलिशना वास कसाले येस?" तिनं विचारलं.

लोटनचा हात भाकरीवरच राहिला. त्यानं खिशातून बूच काढून तिच्यापुढं धरलं. तिनं तोंड फिरवलं. हाच तो वास, म्हणाली, रोशनी नखं पुसायची त्या बाटलीचा. लोटननं बूच उन्हात नेलं आणि आतली रबरी चकती पाहिली. ती फुगून दुप्पट झाली होती, खाचेत मावत नव्हती, बोटानं दाबली तर भिजल्या पावासारखी दबत होती. अशी दशा खायचं तेल करत नाही. आणि रंग सुरकुतला तोही वयानं नव्हे. बुचाच्या कडेनं वाफ झिरपत होती आणि ताजा रंग खात होती. ड्रम असिटोनचे होते, नाहीतर त्याच्या भावाचे. ज्यानं रंगवले त्यानं दिसावेत म्हणून रंगवले नव्हते, वास झाकावा म्हणून रंगवले होते. डोळ्यांनी त्याला सकाळीच सगळं सांगितलं होतं. त्यानं ऐकलं ते त्या मेलेल्या नाकाचं.

ताट तसंच टाकून तो निघाला. चपलाही घातल्या नाहीत. सायकलची चेन उतरली तेव्हा सायकल रस्त्याच्या कडेला फेकून तो पळत सुटला. पंचावन्न वर्षांचा माणूस, एक पाय भाजल्यापासून आखडलेला. आवार तिथून किलोमीटरभर. सगळ्या वाटेनं तो फक्त ऐकत होता. कुठं ट्रॅक्टरची ट्रॉली खड्ड्यात आदळली तर त्यानं आधी आवाराच्या बाजूला धूर दिसतो का ते पाहिलं आणि मग पुढचं पाऊल टाकलं. रोशनीच्या घरावरून जाताना त्यानं मान वळवली नाही. ती अंगणात असली आणि तिनं विचारलं, बाबा, काय झालं, तर तिला काय सांगणार होता? की माझा खडू आधी लागला आहे, आता तू बस निश्चिंत?

आवाराच्या फाटकातून आत शिरला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता. निळे ड्रम रांगेत आडवे लावलेले होते, प्रत्येकावर पांढरी बरोबरची खूण. गोपाल एका ड्रमला टेकून बसला होता, कटर त्याच्या पायाशी होता आणि रिषभ त्याच्यावर चिडलेला होता. कटरची नळी म्हणे उंदरानं कुरतडली. नवी आणायला माणूस शहाद्याला गेला होता, तो मोटारसायकलवरून नुकता उतरत होता. नळी त्याच्या गळ्यात हारासारखी पडली होती.

लोटन सरळ गोपाल आणि ड्रम यांच्या मधे जाऊन उभा राहिला. दम लागून त्याला शब्द फुटेना. रिषभ म्हणाला, काका, बाजूला व्हा, आधीच उशीर झाला. लोटननं मान हलवली. हे ड्रम तेलाचे नाहीत, कापायचे नाहीत, असं त्यानं कसंबसं सांगितलं. रिषभनं कपाळाला हात लावला. सकाळी तुम्हीच तर वास घेतला, तुम्हीच तेल म्हणालात, मग आता तासाभरात काय बदललं?

यावर खोटं बोलायला अजूनही जागा होती. चूक झाली, पेंटच्या वासानं फसलो, असं म्हटलं असतं तर खपलं असतं. लोटनच्या जिभेवर ते आलंही. पण समोर त्या तीस खुणा होत्या, एकाच हातानं केलेल्या, एकाच वळणाच्या.

"माले वास येत नही," तो म्हणाला. "चार वरीस व्हई गयात. कसानाच येत नही. मी नुसतं सोंग करी ऱ्हायनू."

जान्यानं हातातली पहार खाली ठेवली. रिषभनं स्वतः जवळच्या ड्रमचं बूच काढलं, वाकून हुंगलं आणि झटक्यानं मागं सरला, डोळ्यांत पाणी घेऊन. नवी नळी घेऊन आलेला माणूस तशीच नळी गळ्यात घालून उभा होता.

लोटन गोपालकडे वळला. आता जे काय बोलायचं ते बोलून टाक, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. गोपाल उठला. त्यानं पँटची धूळ झटकली.

"माले ठाऊक शे, मामा," तो म्हणाला. "दूध करपनं त्या दिनपाईन ठाऊक शे. तवयपाईन तुमनी खूणवर मी एक बी ड्रम कापा नही."

मग जान्यानं उरलेलं सांगितलं. मिस्तरी जेवायला गेले की बरोबरच्या खुणेचे ड्रमसुद्धा दोघं पाण्यानं भरायचे. एकही सोडायचा नाही, असं गोपालनं त्याला बजावलं होतं, आणि सासऱ्याला कळता कामा नये असंही. चार वर्षं, रोज. रिषभशेठना फक्त वाटायचं की बोअर फार चालतं.

म्हणजे चिखल हा होता. लोटन त्या आडव्या ड्रमवर हात टेकून उभा राहिला. त्यानं ज्या माणसाला चार वर्षं चोर ठरवलं तो माणूस चार वर्षं त्याच्या खुणा गुपचूप धुऊन काढत होता, आणि रोज संध्याकाळी रोशनीकडे जिवंत परत जात होता तो केवळ एवढ्यामुळे, की त्यानं सासऱ्यावर विश्वास ठेवला नाही. लोटनला रडू आलं. चारचौघांत, भर दुपारी तो रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. आधी सांगितलं का नाही, असं त्यानं विचारलं तेव्हा गोपाल म्हणाला की सांगितलं असतं तर तुम्ही घरी बसला असता, आणि घरी बसून तुम्ही सहा महिने काढले नसते.

"मन्हावर इस्वास नही करा, ते बरं करं, जवाई," लोटन डोळे पुसत म्हणाला.

डोण्यांची गाडी एक दिवस उशिरा गेली. दुसऱ्या दिवशी टँकर आला, तीसही ड्रम गळ्यापर्यंत भरले, मग कापले. त्या नवापूरच्या दलालाला रिषभनं फोनवर जे सुनावलं ते जैनाच्या तोंडी शोभणारं नव्हतं. त्यानंतर त्यानं भिंतीवर रंगानं लिहून घेतलं की या आवारात एकही ड्रम पाण्याशिवाय कापला जाणार नाही, वास असो वा नसो. हे आजोबांच्या वेळीच लिहायला हवं होतं, असंही म्हणाला. लोटनला ते लागलं, पण खरं होतं. चांगलं नाक असतं तरी त्या दिवशी पेंटच्या भपकाऱ्यात ते फसू शकलं असतं. वीस वर्षं खुणा चुकल्या नाहीत यात नाकाचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे आता कोण सांगणार.

लोटन आवारातच आहे. खडू त्यानं गोपालपुढं धरला होता, गोपालनं घेतला नाही. मग आता तो सकाळी येतो आणि आलेल्या प्रत्येक ड्रमवर फुली मारतो, नाक न टेकवता. पाणी गळ्यापर्यंत आलं की नाही ते बोट घालून बघतो आणि जान्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. जेवायला मात्र बाराला जात नाही. कटर चालू असतो तोवर पाठ फिरवून का होईना, तिथंच बसून राहतो.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर त्यानं ती कुरतडलेली नळी उचलून पाहिली होती. सवयच, दुसरं काय. काप आरपार होता आणि एकदम सरळ, ब्लेडनं घेतल्यासारखा. उंदराचे दात इतके सरळ चालत नाहीत. वीज नव्हती, पाणी नव्हतं, समोर तीस बरोबरच्या खुणा होत्या, आणि सासऱ्याचं नाव न काढता वेळ काढायला त्या पोराजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

गोपाल सिलिंडरच्या चाव्या आवळत होता. लोटन त्याच्याजवळ गेला.

"आपला आवारना उंदीर भलता हुशार शे," तो म्हणाला.

"हा, मामा," गोपाल म्हणाला आणि वर न बघता चावी आवळत राहिला.

लोटननं नळीचा तो वीतभर तुकडा कापून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात, त्या बुचाशेजारी ठेवला. रंजनाबाई सदरा धुवायला काढते तेव्हा दोन्ही वस्तू काढून खिडकीत ठेवते आणि वाळल्यावर परत खिशात घालते.